बारा डिस्कांची बेरीज : सर्व्हरचा ॲरे बिघडतो तेव्हा

सकाळी कार्यालय उघडते आणि तक्रारी सुरू होतात. एकाला फाइल उघडता येते, पण सेव्ह करता येत नाही. दुसऱ्याचे फोल्डर उघडायला पाच मिनिटे लागतात. सर्व्हरच्या खोलीत जाऊन पाहावे तर बारा डिस्कांपैकी एकीवर केशरी दिवा लागलेला असतो आणि कंट्रोलरचा भोंगा वाजत असतो. अशा वेळी हात आपोआप पॉवरच्या बटणाकडे जातो, नाहीतर केशरी दिव्याची डिस्क ओढून काढावीशी वाटते. तो हात आधी थांबवा. पहिला बिघाड सोसण्यासाठीच ॲरे बांधलेला असतो. डेटा जातो तो बहुधा त्यानंतर घाईघाईने केलेल्या कृतीमुळे.

समजण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर, त्यात प्रत्येकी ८ टीबीच्या बारा डिस्क, रेड-६ पद्धतीने बांधलेल्या. ॲरे सांभाळायला एमडीएडीएम हे लिनक्सचे नेहमीचे साधन. तुमच्याकडे स्वतंत्र रेड कंट्रोलर असेल तर पडद्यावरची नावे बदलतील, पण विचाराची दिशा हीच राहील.

वहीतली बेरीज

१९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक शोधनिबंध मांडला. मेनफ्रेमची एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा पीसीच्या स्वस्त डिस्कांचा संच वापरावा, अशी ती कल्पना होती. अडचण उघड होती. डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यातली एखादी बंद पडण्याची शक्यता जास्त. म्हणून त्यांनी डेटाबरोबर थोडी जादा माहिती ठेवण्याच्या पद्धती सांगितल्या आणि त्यांना ‘रेड’ हे नाव दिले. त्या नावातला ‘आय’ तेव्हा ‘स्वस्त’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा होता. पुढे तो ‘स्वतंत्र’ या अर्थाच्या शब्दाचा झाला.

ही जादा माहिती म्हणजे काय, हे दुकानातल्या वहीवरून सहज कळते. एका ओळीत तीन रकमा आहेत : ३, ७ आणि ५. शेवटी बेरीज लिहिली आहे, १५. सातावर शाई सांडली तरी बिघडत नाही. १५ मधून ३ आणि ५ वजा करा, ७ परत मिळतात. रेड-५ मध्ये हेच होते. फक्त तिथे साध्या बेरजेऐवजी बिटांची ‘एक्सॉर’ ही क्रिया असते.

आता शाई ७ आणि ५ या दोन्हींवर सांडली तर? एक बेरीज अपुरी पडते. म्हणून ओळीच्या शेवटी दुसरी, वेगळ्या पद्धतीची बेरीज ठेवायची : पहिली रक्कम एकपट, दुसरी दुप्पट, तिसरी तिप्पट. म्हणजे ३, १४ आणि १५ मिळून ३२. दोन समीकरणे आणि दोन अज्ञात संख्या असल्या की शाळेतल्या बीजगणिताने दोन्ही रकमा सापडतात. रेड-६ चा गाभा हाच आहे. बारापैकी दोन डिस्कांइतकी जागा या दोन बेरजांना जाते आणि कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो.

या उदाहरणातून दोन गोष्टी मनात पक्क्या ठेवा. हरवलेली रक्कम काढायची तर त्या ओळीतल्या बाकीच्या रकमा वाचता आल्याच पाहिजेत. आणि कोणत्या रकमा कोणत्या क्रमाने लिहिल्या आहेत, हे चुकले तर बेरीज निरुपयोगी ठरते.

थर ओळखा, मग खाली उतरा

वापरणाऱ्याला दिसते ती फाइल. फाइलखाली फाइल सिस्टीम, तिच्याखाली बहुधा एलव्हीएम, त्याखाली रेड, त्याखाली कंट्रोलर, मग केबल आणि बॅकप्लेन, आणि सर्वांत खाली डिस्क व तिला मिळणारी वीज. त्रास वरच्या थरात दिसतो, पण दोष कोणत्याही थरात असू शकतो. फाइल सिस्टीम ‘फक्त वाचण्यासाठी’ झाली, म्हणून लगेच तिची दुरुस्ती सुरू करणे धोक्याचे आहे. खाली रेडच अर्धवट जुळलेला असेल, तर दुरुस्तीचा प्रोग्रॅम चुकीच्या माहितीवर विसंबून चांगल्या नोंदी पुसून टाकतो.

म्हणून पहिली दहा मिनिटे फक्त वाचायचे आणि लिहून ठेवायचे. कर्नलचा लॉग, ॲरेची स्थिती आणि प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक दुसऱ्या यंत्रावर कॉपी करा. रीबूट केल्यावर कर्नलचे ताजे संदेश हरवू शकतात, आणि बिघाड कोणत्या क्षणी, कोणत्या डिस्कपासून सुरू झाला याचा पुरावा त्यातच असतो.

लिनक्समध्ये ॲरेची स्थिती प्रॉक फोल्डरातल्या एमडीस्टॅट या फाइलमध्ये दिसते. बारा डिस्क हजर असतील तर चौकटी कंसात इंग्रजी ‘यू’ हे अक्षर बारा वेळा येते. एखादी गैरहजर असेल तर तिच्या जागी खाली रेघ येते. एक रेघ म्हणजे ॲरे चालू आहे, पण एक आधार गेला. दोन रेघा म्हणजे आता एकही आधार उरलेला नाही. तीन रेघा असल्या की रेड-६ उभाच राहत नाही.

जागा कुठे गेली?

सगळ्याच तक्रारी बिघाडाच्या नसतात. नवा ॲरे बांधल्यावर पहिला प्रश्न येतो तो जागेचा. बारा गुणिले आठ म्हणजे ९६ टीबी विकत घेतले. दोन डिस्क बेरजांना गेल्या, उरले ८०. पण पडद्यावर दिसतात सुमारे ७२.८. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे १ वर बारा शून्ये असे मोजतात, तर संगणकातली अनेक साधने १,०२४ च्या पटीत मोजतात. त्या हिशेबाने ८ टीबीची डिस्क ७.२८ दिसते. यात काहीही हरवलेले नाही.

ईएक्सटी४ फाइल सिस्टीम वापरली असेल तर आणखी एक फरक पडतो. नेहमीच्या मांडणीत ती ५ टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. छोट्या डिस्कवर हे जाणवत नाही, पण ८० टीबीवर ५ टक्के म्हणजे ४ टीबी. फक्त डेटा ठेवायच्या ॲरेवर हा राखीव भाग कमी करता येतो.

मोठा ॲरे नेमका २.२ टीबीच्या आसपास अडकला असेल तर पार्टिशनची पद्धत पाहा. जुन्या एमबीआर पद्धतीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात आणि सेक्टर ५१२ बाइटचा असतो. त्या गुणाकाराची मर्यादा तेवढीच आहे. मोठ्या ॲरेसाठी जीपीटी पद्धत लागते.

‘जागा संपली’ असा संदेश येतो पण निम्मी जागा मोकळी दिसते, अशा वेळी आयनोड तपासा. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि ईएक्सटी४ मध्ये त्यांची संख्या फाइल सिस्टीम बनवतानाच ठरते. लाखो बारीक फाइल साठल्या की आयनोड आधी संपतात. याच्या उलट, मोठी फाइल पुसूनही जागा मोकळी होत नसेल तर ती एखाद्या चालू प्रोग्रॅमने अजून उघडी धरलेली असते. तो प्रोग्रॅम बंद होईपर्यंत जागा परत मिळत नाही.

ॲरे मंदावतो तेव्हा

ॲरेचा वेग सर्वांत मंद डिस्क ठरवते. बारा जणांच्या पंगतीत अकरा जणांचे जेवण झाले तरी बाराव्यासाठी सगळ्यांना पानावर थांबावे लागते, तसेच इथे. म्हणून सरासरी आकडे न पाहता आयओस्टॅटसारख्या साधनाने प्रत्येक डिस्कचा प्रतिसाद वेगवेगळा पाहा. अकरा डिस्क दहा मिलिसेकंदांत उत्तर देतात आणि एक डिस्क पाचशे घेते, असे दिसले की संशयित सापडला.

अशी डिस्क बहुधा खराब झालेला सेक्टर पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करत असते. घरगुती संगणकासाठीच्या डिस्क या प्रयत्नात एक-दोन मिनिटेही घालवू शकतात. एकट्या डिस्कला ते शोभते, कारण तिथे दुसरी प्रत नसते. पण लिनक्सचा कर्नल सर्वसाधारणपणे ३० सेकंदच वाट पाहतो. मग तो डिस्कला रीसेट करतो, आणि एका सेक्टरच्या दोषापायी सगळी डिस्क ॲरेबाहेर फेकली जाऊ शकते. ॲरेसाठी बनवलेल्या डिस्क सुमारे ७ सेकंदांत हार मानतात आणि ‘वाचता आले नाही’ असे स्पष्ट सांगतात. मग रेड तेवढा तुकडा बेरजेतून काढून त्याच जागी पुन्हा लिहितो. ही वेळमर्यादा स्मार्टसीटीएल या साधनाने पाहता येते आणि काही डिस्कवर बदलताही येते. जिथे ती बदलत नाही, तिथे कर्नलची वाट पाहण्याची मुदत १८० सेकंदांपर्यंत वाढवावी.

मंदपणाची आणखी दोन कारणे सहज नजरेतून सुटतात. पहिले कारण बॅटरी. हार्डवेअर रेड कंट्रोलर लेखन आधी आपल्या मेमरीत घेतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. वीज गेली तर ती मेमरी जपायला बॅटरी असते. बॅटरी दमली की बरेच कंट्रोलर ही सोय आपणहून बंद करतात, आणि डिस्क सगळ्या ठणठणीत असताना लेखनाचा वेग एका रात्रीत कोसळतो. दुसरे कारण एसएमआर पद्धतीच्या डिस्क. त्यांत माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायला शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या वाचनात हे जाणवत नाही, पण दीर्घ लेखनात त्या डिस्क धापा टाकतात. २०२० साली ॲरेसाठी विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही या पद्धतीच्या असल्याचे उघड झाले होते. म्हणून खरेदीआधी मॉडेल क्रमांकावरून पद्धत तपासून घ्या.

एक डिस्क बाहेर पडली

आता केशरी दिव्याकडे वळू. डिस्क खरोखर मेली आहे, की तिच्याकडे जाणारी वाट खराब आहे? डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते, त्यांतले चार आकडे इथे उपयोगी पडतात. सॅटा डिस्कमध्ये क्रमांक ५ म्हणजे बदली केलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर, १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले सेक्टर. हे तीन वाढत असतील तर दोष डिस्कच्या तबकडीचा. क्रमांक १९९ मात्र डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाहतुकीतल्या चुका मोजतो. फक्त तोच वाढत असेल तर आधी केबल बदला, बॅकप्लेनवरची जागा बदलून पाहा. केबल बदलल्यावर हा आकडा खाली येत नाही. तो पुढे वाढतो का, एवढेच पाहायचे.

स्मार्टवर किती विसंबावे? २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली स्कॅन-चूक दिसल्यानंतर ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. पण निकामी झालेल्या डिस्कांपैकी ५६ टक्के डिस्कांत चार प्रमुख संकेतांपैकी एकही दिसला नव्हता. म्हणजे स्मार्टने धोक्याची घंटा वाजवली तर ऐकावी, पण ती वाजली नाही म्हणून निर्धास्त राहू नये. त्याच वर्षी बियांका श्रोडर आणि रेडच्या मूळ लेखकांपैकी गिब्सन यांनी दाखवून दिले, की कंपन्यांच्या माहितीपत्रकांत वर्षाला ०.८८ टक्क्यांपर्यंत डिस्क जातील असे दिसत असले, तरी प्रत्यक्ष वापरात २ ते ४ टक्के सर्रास आढळतात. ३ टक्के धरले तर बारा डिस्कांच्या सर्व्हरमध्ये वर्षभरात निदान एक डिस्क जाण्याची शक्यता सुमारे ३० टक्के होते.

डिस्क बदलायचीच ठरली, तर ती ओळखण्यात चूक करू नका. लिनक्सने दिलेली ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे रीबूटनंतर बदलू शकतात. अनुक्रमांक बदलत नाही. कोणत्या खणात कोणत्या अनुक्रमांकाची डिस्क आहे, याचा तक्ता ॲरे बांधताना केला असेल तर आज तो सोन्याच्या मोलाचा. नसेल तर त्या खणाचा दिवा लुकलुकवण्याची सोय वापरा, आणि बाहेर काढलेल्या डिस्कवरचा क्रमांक एकदा वाचून पाहा. एक आधार आधीच गेलेला असताना चांगली डिस्क ओढून काढली, तर दुसराही आपल्याच हाताने गेला.

चार डिस्क एकदम मरत नाहीत

आता सर्वांत भीतिदायक प्रसंग. एमडीस्टॅटमध्ये चार रेघा, ॲरे बंद, सगळा डेटा अदृश्य. इथे घाबरण्याआधी एक साधा विचार करा. चार स्वतंत्र डिस्क एकाच मिनिटाला मरण्याची शक्यता नगण्य आहे. त्या चौघींमध्ये समान काय आहे? बहुधा एक केबल, बॅकप्लेनचा एक भाग, एक कंट्रोलर किंवा वीजपुरवठ्याची एक तार. मिनी-सॅस प्रकारच्या एका केबलवर चार वाहिन्या असतात, हे लक्षात घेतले की ‘चार’ या आकड्याचा अर्थ लागतो. सर्व्हर नीट बंद करा, केबल घट्ट बसवा किंवा बदला, आणि डिस्क पुन्हा दिसतात का पाहा.

डिस्क दिसल्या तरी ॲरे आपोआप उभा राहीलच असे नाही. प्रत्येक डिस्कवर ‘इव्हेंट’ नावाचा मोजणी-आकडा असतो आणि ॲरेच्या स्थितीतल्या बदलांबरोबर तो वाढत जातो. एमडीएडीएमच्या ‘एक्झॅमिन’ आज्ञेने सर्व बारा डिस्कांचे आकडे काढा आणि कागदावर मांडा. चारही डिस्कांचे आकडे बाकीच्यांच्या अगदी जवळ असतील तर त्या एकत्रच बाहेर पडल्या. अशा वेळी ‘असेंबल’ आज्ञा ‘फोर्स’ पर्यायासह देऊन ॲरे उभा करता येतो. एखाद्या डिस्कचा आकडा फार मागे असेल तर ती कितीतरी आधीच गळलेली होती. तिच्यावरची माहिती शिळी आहे. तिला या जुळणीत घेऊ नका.

एमडीएडीएमची ‘क्रिएट’ आज्ञा मात्र अशा वेळी देऊ नका. ती नवा ॲरे बनवते. क्रम, तुकड्याचा आकार किंवा सुरुवातीची जागा यांपैकी एक जरी जुन्यापेक्षा वेगळे पडले तर वहीतल्या रकमांची अदलाबदल होते, आणि नव्या चुकीच्या बेरजा जुन्या डेटावर लिहिल्या जातात. हार्डवेअर कंट्रोलरवर याचीच भावंडे भेटतात. ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ सापडले असे तो सांगतो तेव्हा ते ‘इम्पोर्ट’ करायचे असते, ‘क्लिअर’ नाही. आणि ‘इनिशियलाइझ’ म्हणजे पुसून टाकणे.

डिस्क खरोखरच खराब असतील आणि बॅकअप नसेल, तर मूळ डिस्कांवर प्रयोग करू नका. डीडीरेस्क्यू या साधनाने प्रत्येकीची नव्या डिस्कवर प्रत काढा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि अवघड जागांकडे नंतर वळते. प्रयोग त्या प्रतींवर करा. फाइल सिस्टीमची दुरुस्तीही आधी ‘काही न लिहिता फक्त सांग’ या पर्यायाने चालवा. एक्सएफएस आणि ईएक्सटी४ या दोन्हींच्या साधनांत तो आहे. हजारो चुका दिसल्या तर थांबा. दोष बहुधा फाइल सिस्टीममध्ये नाही, तुमच्या जुळणीत आहे.

पुनर्बांधणीचे तास

नवी डिस्क घातली की पुनर्बांधणी सुरू होते. म्हणजे वहीच्या प्रत्येक पानावरची हरवलेली रक्कम काढून नव्या डिस्कवर लिहिणे. ८ टीबी लिहायला २०० एमबी प्रतिसेकंद या वेगाने ४०,००० सेकंद, म्हणजे अकरा तासांहून अधिक लागतात. कार्यालयाचे कामही चालू असेल तर हेच काही दिवसांवर जाते.

या काळात उरलेल्या प्रत्येक डिस्कचा कोपरान् कोपरा वाचला जातो, आणि वर्षानुवर्षे न वाचलेल्या कोपऱ्यातला दोष नेमका आता समोर येतो. अनेक डिस्कांच्या माहितीपत्रकात १ वर चौदा शून्ये इतके बिट वाचताना एखादी दुरुस्त न होणारी चूक होऊ शकते, असे लिहिलेले असते. तेवढे बिट म्हणजे १२.५ टीबी. बारा डिस्कांच्या रेड-५ मध्ये पुनर्बांधणीला अकरा डिस्क, म्हणजे ८८ टीबी वाचावे लागतात. प्रत्यक्षात डिस्क या मर्यादेपेक्षा चांगल्या वागतात, पण मोठ्या डिस्कांसाठी रेड-५ टाळून रेड-६ का घ्यावा, याचे उत्तर या गणितात आहे. दुसरी बेरीज नेमकी याच तासांसाठी असते.

यावर सोपा उपाय म्हणजे नियमित तपासणी. सगळा ॲरे ठरावीक काळाने वाचून बेरजा ताडून पाहायच्या. डेबियन लिनक्समध्ये एमडीएडीएमची ही तपासणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी होण्याची सोय आहे. झेडएफएस या फाइल सिस्टीममध्ये तिला ‘स्क्रब’ म्हणतात, आणि तिथे प्रत्येक तुकड्याचा वेगळा चेकसम असल्याने चूक कोणत्या डिस्कची हेही कळते.

खरेदीच्या वेळी एक पथ्य पाळा. बाराही डिस्क एकाच घाण्यातल्या घेऊ नका. २०१९ साली एचपीई कंपनीने आपल्या काही सॅस एसएसडींबाबत जाहीर केले, की फर्मवेअरमधल्या दोषामुळे त्या ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील. म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. एकाच दिवशी चालू केलेल्या सगळ्या डिस्क एकाच वेळी गेल्या तर कोणतीही बेरीज वाचवत नाही. फर्मवेअरच्या सूचना वाचणे हा म्हणूनच देखभालीचा भाग आहे.

बेरीज म्हणजे प्रत नव्हे

रेड डिस्कच्या मृत्यूपासून वाचवतो. चुकून पुसलेली फाइल तो तितक्याच इमानाने बाराही डिस्कांवरून पुसतो. रॅन्समवेअर, आग, पूर किंवा चोरी यांच्यापुढे त्याचा उपयोग नाही. त्यासाठी वेगळ्या जागी ठेवलेली प्रत लागते, आणि ती प्रत परत वाचता येते हे पाहिलेले असावे लागते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचे फोल्डर पुसले. बॅकअप आणि प्रतिकृतीच्या त्यांच्या पाच पद्धतींपैकी एकही भरवशाने चालत नव्हती, हे त्या रात्री कळले. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती होती म्हणून बाकीचे वाचले. कंपनीने हे सारे उघडपणे जगासमोर मांडले, ही तिने इतरांवर केलेली मोठी कृपा आहे.

तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही. म्हणून तुमचा ॲरे आज नीट चालू असताना तीन कामे करा. प्रत्येक खणातल्या डिस्कचा अनुक्रमांक लिहून तो कागद सर्व्हरच्या दारावर चिकटवा. बिघाडाची सूचना देणारा ईमेल खरोखर येतो का, हे चाचणीचा संदेश पाठवून पाहा. आणि बॅकअपमधून एक फाइल परत आणून उघडा. या तीन कामांना एक दुपार पुरते.